घंटेची आंघोळ

जावई जेवायला बसले की आमच्या घरातली आमटी निवायची. माणूस वाईट नव्हता, खोड वाईट. घास हातात धरायचा आणि कुणाच्या तरी तोंडून निसटलेला इंग्रजी शब्द पकडून कांद्यासारखा सोलत बसायचं. एक पापुद्रा, मग दुसरा, मग तिसरा. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

त्या दिवशीचा शब्द सोपानतात्या टाकून गेले होते. तात्या भिवाईच्या वाडीचे म्होरके, देवळाचा कारभार त्यांच्याकडे. भिवाई त्यांची देवी, तिला यंदाच्या जत्रेसाठी नवी घंटा करायचं ठरलं होतं. वाडीतल्या बायकांनी घराघरांतून चेपलेल्या कळशा, फुटके हंडे, दांडा तुटलेल्या पळ्या दिल्या होत्या आणि तात्यांनी ती पोती बैलगाडीतून आमच्या ओतार आळीत आणून ओट्यावर उतरवली. निघताना माझ्या श्रीपतीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “पोरगा सिन्सिअर हाय, गजराबाई. म्हणून तर तुमच्या दारात आलो.”

जावयांना तेवढं पुरलं.

“सिन्सिअर,” ताटावर बसल्या बसल्या सुरू झालं. “मामी, तात्या काय बोलून गेले ते त्यांचं त्यांना तरी ठाऊक असेल का?”

“त्यांना ठाऊक नसू दे. भाकरी निवतीय.”

“आता आपण म्हणतो सिन्सिअर, म्हणजे प्रामाणिक, मन लावून काम करणारा. मीच पोरांच्या प्रगतिपुस्तकात लिहितो, सिन्सिअर नाही म्हणून. पण आधी हा शब्द माणसाला लावतच नव्हते. मधाला लावायचे, दारूला लावायचे. ज्यात भेसळ नाही ते सिन्सिअर.”

आमचे दिगंबरराव तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. शेवंताच्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि सुट्टी लागली की दोघं आमच्याकडे यायची. शेवंता, माझी लेक, भाकरी थापता थापता नवऱ्याकडे अशी बघत होती, जसा काही हा शब्द त्यांनीच विहिरीतून उपसून काढला होता.

“आता याच्या पोटात काय आहे बघा,” जावई म्हणाले. “लॅटिन म्हणून एक जुनी भाषा. आपल्याकडे संस्कृत, तशी तिकडे ती. त्या भाषेत सिने म्हणजे विना आणि सेरा म्हणजे मेण. रोम शहरातले मूर्तिकार लबाड. दगडाला चीर गेली की तीत मेण भरायचे आणि वर दगडाची पूड चोळायचे. गिऱ्हाईक खुशीत मूर्ती घरी न्यायचं, आणि वैशाखाचं ऊन लागलं की देवाचं नाक गळून पायापाशी!”

श्रीपती खदखदून हसला.

“मग जो सच्चा कारागीर, तो दुकानावर पाटीच लावायचा. सिने सेरा. मेणाशिवाय. त्याचं झालं सिन्सिअर.”

“मेणाशिवाय?” मी म्हटलं. “जावईबापू, आमच्या घरात मेणाशिवाय देवसुद्धा जन्माला येत नाही. समई असो, मुखवटा असो नाहीतर घंटा, आधी ती मेणाची होते. त्यावर मातीचं लिंपण, मग भट्टी. मेण वितळून वाहून जातं आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातू शिरतो. तुमच्या रोमवाल्यांना ओतकाम येत नसेल.”

“पण शेवटी मेण जायलाच हवं ना, मामी?”

“जायलाच हवं. आधी ते आई असतं. नंतर दिसलं तर चोर.”

“बघा!” त्यांनी खरकट्या हातानं मांडीवर थाप मारली. “म्हणजे तुम्ही आणि रोम एकच म्हणताय!”

आमटीवर साय धरली होती. मी ती मुकाट्यानं चुलीवर सरकवली, कारण जावयाला सासूनं वाकडा शब्द बोलायचा नसतो. त्यांच्या जागी श्रीपती असता तर पळीच फेकली असती.

*

आमचे मालक गेल्यापासून आमच्याकडे घंटा आली नव्हती. समया, निरांजनं, देव्हाऱ्यातले टाक, अशी पोटापुरती कामं यायची. घंटा नावावर मिळते आणि नाव मालकांचं होतं. श्रीपतीच्या हातून ही एक नीट उतरली असती तर आमचं दार पुन्हा घंटेचं दार झालं असतं. फसली असती तर आळीतल्या लोकांनी हळहळ दाखवत गिऱ्हाइकं आपल्याकडे वळवली असती. त्यातून धातू बाजारचा नव्हता. कुणाच्या सासूचा हंडा होता, कुणाच्या मेलेल्या आईची लोटी होती. असा धातू वाया घालवून कुठल्या तोंडानं परत करायचा?

घंटा मोठी होती, एका मुशीतला धातू पुरणारा नव्हता. मूस म्हणजे धातू वितळवायचं आमचं भांडं. म्हणून दोन मुशी लावायच्या होत्या. पहिलीची धार संपायच्या आत दुसरीची धार साच्यात लागली पाहिजे. मधे एक श्वास जरी गेला तरी खालचा धातू साय धरतो, वरचा येऊन त्यावर बसतो, पण मिसळत नाही. घंटा वरून अख्खी दिसते आणि आतून दोन असते. अशी घंटा आज ना उद्या त्या शिवणीवर तडकते, आणि घंटेखाली माणसं उभी असतात.

पहिली मूस श्रीपती धरणार होता आणि दुसरी माझा पुतण्या मार्तंड. पण मार्तंडला आदल्या दिवशीपासून ताप होता.

“मी धरू का दुसरी?” जावयांनी विचारलं. उंच, हाडापेरानं मजबूत माणूस, उत्साह तर शाळेतल्या पोरासारखा.

“तुम्ही पाटावर बसा,” मी म्हटलं.

“अहो मामी, पाटावर बसून बसून कंटाळलो.”

“मग उभे राहा. पण ओसरीवर. या घरचा जावई भट्टीपुढं उभा राहात नाही.”

हा नियम मी काही उगाच केला नव्हता. त्यांना काही झालं असतं तर शेवंताच्या सासरी मी काय सांगणार होते? आणि दुसरंही होतं. भट्टीपुढं माझ्या तोंडून सरळ शब्द निघत नाही. पोटच्या पोराला, पुतण्याला, भात्यावर बसणाऱ्याला, सगळ्यांना सारख्याच शिव्या. जावयाला त्या देता येत नाहीत आणि दिल्याशिवाय काम होत नाही.

“मार्तंड येतो म्हणालाय,” श्रीपती म्हणाला. “काढा घेतलाय त्यानं.”

ओतायच्या वेळी आमच्याकडे घरातली थोरली बाई देवीपुढं जाऊन बसते. मुक्यानं. बोलवायला माणूस येईपर्यंत उठायचं नाही, आणि मधे तिला कुणी हाक मारायची नाही. माझ्या सासूनं केलं, मी करत आले. त्याप्रमाणे मी ओटीचं ताट घेऊन आळीच्या टोकाच्या देवळात जाऊन बसले. वारा पडला होता. आमच्या धुराड्याचा धूर सरळ वर चाललेला देवळातून दिसत होता, आणि तो तसाच राहावा म्हणून मी देवीकडे बघायचं सोडून त्याच्याकडेच बघत होते.

शेवंता बोलवायला आली. माझ्याकडे न बघता ताट उचलायला लागली.

“झालं?”

“झालं.”

“मार्तंड आला होता?”

“चल ना आई, ऊन तापतंय.”

घरी आले तर साचा खड्ड्यात निवत होता. श्रीपती पाण्याच्या पिंपापाशी बसून तोंड धूत होता, धुऊन झालं तरी धूत होता. जावई ओसरीवर पाटावर बसले होते, मी सांगितलं होतं तिथंच. उजव्या हाताच्या पाठीवर ओला फडका गुंडाळलेला.

“हे काय?”

“चहा सांडला,” शेवंता पटकन म्हणाली.

चहा पिणाऱ्याच्या हाताच्या पाठीवर चहा कसा सांडतो, ते मला विचारायचं होतं. पण जावई. मी हळद उगाळून दिली.

*

साचा फोडला आणि घंटा बाहेर आली तेव्हा मला बघायला बोलावलं नाही. श्रीपती म्हणाला, “घासून पुसूनच दाखवतो.” आणि कामाच्या खोलीचं दार लावून घेतलं. आमच्याकडे दार लावून काम करायची रीत नाही. आत कानस चालायची, थांबायची, पुन्हा चालायची.

तिकडे जावई मुके झाले. ताटावर बसायचे, जेवायचे, उठायचे. आमटी गरम गरम संपायला लागली. शेजारची बाई सांगत आली, पोराला कुठल्याशा ऑफिसात परमनंट केलं. चांगला सोलण्यासारखा शब्द ताटाजवळ येऊन पडला, तरी यांनी मान वर केली नाही.

“जावईबापू, आज काही नाही? रोममध्ये परमनंट नव्हतं का कुणी?”

“असेल,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

ज्या खोडीनं दोन वर्षं डोकं उठवलं होतं, ती थांबल्यावर मला घरात काहीतरी मेल्यासारखं वाटायला लागलं.

मग मी मेण बघितलं.

कामाचं मेण माझ्याकडे असतं. मधाचं पोळं उकळून ते काढणं, राळ आणि तेल घालून मळणं, हे आमच्यात बायकांचं काम. घंटेचा आकार करून उरलेलं मेण मी गोळा करून कोनाड्यातल्या वाडग्यात दाबून ठेवते आणि दाबलं की त्यावर माझा तळवा उमटतो. घंटा ओतून झाल्यावर पुढचं काम येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचं कारण नाही. मी वाडगा खाली घेतला. माझ्या तळव्याच्या मधोमध कुणीतरी अंगठ्यानं खरवडून थोडंसं मेण नेलं होतं.

मी वाडगा जागेवर ठेवला. कुणाला काही बोलले नाही. माझ्या बोलण्याची सगळ्यांना सवय आहे. न बोलण्याची कुणाला नाही.

दिवेलागणीला श्रीपती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीची माणसं घंटा न्यायला येणार होती.

“आई, उद्या कोमट पाण्यानं घाल आंघोळ.”

घंटा आमच्या घरातून निघते तेव्हा थोरली बाई तिला आंघोळ घालते. चिंचेनं घासायची, मग चुलीवरून उतरवलेलं कढत पाणी, मग हळदकुंकू, ओटी. लेक सासरी धाडावी तशी. त्याआधी तिच्यावर टोला मारायचा नसतो. पहिला टोला देवीच्या दारात.

“कोमट का?” मी विचारलं.

“नवा धातू आहे. उगीच कढत पाणी कशाला?”

“तुझ्या बापानं ओतलेल्या घंटा जुन्या धातूच्या होत्या का?”

“तसं नाही. एवढ्या खेपेला म्हणतोय.”

“श्रीपती, वर बघ.”

त्यानं वर बघितलं, पण माझ्याकडे नाही, माझ्यामागच्या मांडणीकडे.

“माझ्याशी काही बोलायचंय तुला?”

“नाही.”

“मग पाणी कढत असेल.”

तो गेला. मी चुलीपुढं बसून राहिले. माझ्याच पोटच्या पोरानं बापाच्या नावात मेण भरलं होतं. आता गप्प राहिले तर ती घंटा भिवाईच्या दारात टांगली जाणार, खाली पोरंबाळं उभी राहणार. बोलले तर वाडीपुढं पोराचं नाक कापलं जाणार आणि आमच्या भट्टीचा विस्तव कायमचा विझणार. मी ठरवलं की त्याला सकाळपर्यंत वेळ द्यायचा. तांब्या हातात घेईपर्यंत. बापाचा असेल तर बोलेल.

*

सकाळी वाडी आली. हलगी वाजवत, गाडीला आंब्याचे डहाळे बांधून, बायका ओटीची ताटं घेऊन. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. घंटा पाटावर ठेवली होती आणि खरं सांगते, बघत राहावी अशी दिसत होती. सोपानतात्यांनी पागोटं काढलं.

“गजराबाई, मालक असते तर!”

एक म्हातारी पुढं आली आणि घंटेला हात लावून म्हणाली, “माझ्या आईची लोटी दिली होती ग बाई मी. कुठल्या अंगाला असंल?”

“सगळीकडं आहे, आजी,” मी म्हटलं.

मी पदर खोचला, चिंचेचा गोळा घेतला आणि घासायला लागले. घासता घासता बोटं फिरवत गेले. धातू सकाळचा हाताला गार लागतो. घंटेच्या खांद्याच्या खाली, पाठीमागच्या अंगाला, बोटभर लांबीची एक जागा गार लागत नव्हती. माझं बोट तिथं थांबलं. श्रीपतीनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

“पाणी आण,” मी त्याला म्हटलं.

त्यानं हंडा आणला. वाफा येत होत्या. “फार कढत आहे, आई.”

“असू दे.”

मी तांब्या बुडवला, भरला आणि घंटेवर धरला. ओतला नाही. हलगीवाला थांबला होता. बायकांनी गाणं म्हणायला तोंडं उघडली होती ती तशीच राहिली. म्हटलं, आता बोलेल. हात भरून आला. आता बोलेल. श्रीपतीनं डोळे मिटून घेतले होते. लहानपणी मार बसायच्या आधी मिटायचा तसे.

“मामी, थांबा.”

जावई ओसरीवरून उतरले, माणसांतून वाट काढत आले आणि त्या जागेवर हात ठेवला. तोच हात, फडक्याचा.

“हात काढा, जावईबापू. भाजेल.”

“भाजलेलाच आहे.” त्यांचा आवाज वर्गात असतो तसा नव्हता, फाटका होता. “या जागी मेण आहे. आत चीर आहे. मार्तंड आलाच नाही. दुसरी मूस मी धरली होती. एक ठिणगी हातावर आली आणि मी थबकलो. क्षणभरच, पण थबकलो.”

शेवंतानं पदर तोंडात कोंबला.

“त्यांचा काही दोष नाही, आई!” श्रीपती पुढं आला. “धातू पाणी झाला होता, साचा तापला होता. निरोप आला, मार्तंड उठू शकत नाही म्हणून. थांबलो असतो तर सगळंच गेलं असतं. मीच यांना हाक मारली. मेणही मीच भरलं. ते नको नको म्हणत होते.”

“मग मला का नाही सांगितलंस? काल विचारलं होतं.”

“काय सांगू? जावयाला भट्टीपुढं उभं केलं म्हणून सांगू? तू त्यांना चकार शब्द बोलली नसतीस. मला आणि शेवंताला जन्मभर सोडलं नसतंस.”

मी जावयांचा हात मनगटाला धरून बाजूला केला आणि तांब्या ओतला.

आधी नुसतं पाणी निथळलं. मग पिवळा ओघळ सुटला, बारीक, मधासारखा, घंटेच्या अंगावरून पाटावर. त्यात धातूचा कीस चमकत होता. मागं बोटभर काळी रेघ उघडी पडली.

“वा!” सोपानतात्या म्हणाले. “वा रे सिन्सिअर!” पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं आणि आवाज चढवला. “गजराबाई, आमच्या बायाबापड्यांनी घरातली भांडी काढून दिली ती मेण बघायला? धातू गाडीत भरा आमचा. दुसरीकडं ओततो. आन् हे पंचक्रोशीत सांगतो.”

“न्या,” मी म्हटलं. “तुमचाच आहे. सांगायचं तेही सांगा. पण काय सांगायचं ते नीट बघून जा.”

मी हातोडी घेतली. पहिला टोला देवीचा, पण ही देवीकडे जाणारच नव्हती. टोला दिला. मातीच्या मडक्यावर मारावा तसा आवाज आला. म्हातारीनं कानांवर हात घेतले.

“श्रीपती, घण.”

तो आला. रडत होता, पण घण पक्का धरला होता. घंटेच्या धातूत कथील असतं, त्यानं तो ठिसूळ होतो; काही घावांत बोलला. बरोबर शिवणीवर तुटली. दोन तुकडे पाटावरून दोन बाजूंना गडगडले. आतल्या बाजूला करडी साय धरलेली सगळ्यांना दिसली. बाहेर बोटभर दिसत होती ती चीर आत निम्म्या घंटेला वळसा घालून गेली होती.

तात्यांनी खाली बसून तिच्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. “ही टांगली असती,” ते हळू म्हणाले, “तर खाली आमचीच पोरं असती.”

“असती,” मी म्हटलं.

ती म्हातारी तेवढ्यात म्हणाली, “तात्या, माझी लोटी इथंच राहू दे. दुसऱ्या दारात नेली आन् तिथं बी असंच झालं, तर तिथं कढत पाण्यात हात घालाया कोन येनार?”

कुणीतरी हो म्हणालं. मग आणखी कुणी. तात्यांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि मग माझ्याकडे.

“यंदाची जत्रा जुन्या घंटेवर होईल. धातू राहू दे. पर पुन्हा ओताल तेव्हा वाडीची माणसं समोर बसतील. दार उघडं.”

आमच्या भट्टीवर परक्यांचा पहारा कधी बसला नव्हता. मालकांच्या काळात असं कुणी बोललं असतं तर... पण मालक नव्हते, आणि मेण होतं.

“बसा,” मी म्हटलं. “शिव्या ऐकायची तयारी ठेवून बसा.”

*

वाडी रिकामी गाडी घेऊन गेली. डहाळे तसेच बांधलेले होते. श्रीपती तुकडे गोळा करून आत नेत होता. मी पाटावरचं मेण सुरीनं खरवडत बसले होते, तर जावई पिशवी घेऊन ओसरीवर आलेले. मागं शेवंता, डोळे सुजलेले.

“निघतो, मामी.”

“गाडी दुपारची आहे.”

“स्टँडवर बसेन. इथं कुठल्या तोंडानं बसू?” ते पायरीवर टेकले. मग म्हणाले, “आणखी एक आहे. सांगून टाकतो. ती मेणाची गोष्ट खरी नाही.”

“कुठली?”

“रोमची. सिने सेरा. शब्दाच्या अभ्यासकांना ती मान्य नाही. लोकांनी मागाहून जुळवलेली आहे. मला ठाऊक होतं.”

“मग सांगितली कशाला?”

“रंगते म्हणून. खऱ्यात तेवढी गंमत नाही.”

“खरं काय आहे?”

“पक्कं कुणालाच ठाऊक नाही. मूळ लॅटिन शब्द सिन्सेरुस. म्हणजे स्वच्छ, निर्भेळ. कुणी म्हणतं, त्यात ‘एक’ आणि ‘वाढणं’ असे दोन जुने तुकडे आहेत. एकाच वाढीचं. मधे जोड नसलेलं.”

मी आत बघितलं. श्रीपती दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघत होता, जसे काही ते अजून जुळले असते.

“एका धारेचं,” मी म्हटलं.

“हो,” ते म्हणाले. “एका धारेचं. मी त्यातही मेणच भरलं तुमच्यापुढं.” आणि उठले. “शेवंताला राहायचं असेल तर राहू दे. तुम्ही मला काही बोलला नाहीत, तेच जड जातंय. बोलला असता तर बरं झालं असतं. पण मी जावई.”

पिशवी खांद्याला लावून दोन पायऱ्या उतरले. शेवंता माझ्याकडे बघत होती. आतमध्ये तुकड्यांचा आवाज थांबला.

मी सुरी खाली ठेवली.

“दिगंबर,” मी म्हटलं, “गाढवा, ती पिशवी ठेव खाली. मूस हातात असताना थबकलास, बेअक्कल कुठला! हात जळाला तर जळू द्यायचा होता, धार तोडायची नव्हती. वर लेकाचा चहा सांडला म्हणून हळद लावून घेतोस माझ्याकडून! पण भर अंगणात उतरून त्या कढत तांब्याखाली हात घातलास तो तू, माझ्या पोटच्यानं नाही. तेव्हा आता तुझं जावईपण संपलं. पाटही नाही आणि अहो-जाहोही नाही. सदरा काढ, भात्यावर बस, आणि ती घंटा पुन्हा उतरेपर्यंत माझ्या शिव्या खा. घरच्यांना मी त्याच देते.”